उसवायचा हक्क कुणाचा?

ताई, नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. घरात मी, मिस्टर, आठवीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंची पंचाहत्तरी झाली. विणकामात त्यांचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. चीनच्या लढाईच्या वेळी शाळेत जवानांसाठी मफलर विणले, तेव्हापासून सुया हातात आहेत असं त्या सांगतात. नात्यात कुणाकडं पाळणा हलला की पहिलं टोपडं आमच्या घरातून जातं. नमुन्यांची त्यांची एक जाडजूड वही होती. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं, त्यात ती गेली. माळ्यावरची ट्रंक तेवढी वाचली. तिच्यात जुने स्वेटर आहेत.

या मे महिन्यात लेकीनं मोबाईलवर बघून विणायला घेतलं. मला वाटलं, बरं झालं, आजी-नातीचं जमेल. झालं भलतंच. ती लोकर डाव्या हातात धरते. सासूबाई म्हणतात, ‘असली पद्धत आपल्यात नाही.’ पोरगी झोपली की त्या तिचं विणकाम काढून बघतात. चुकलेलं दिसलं की तिथपर्यंत उसवतात आणि स्वतः परत विणून ठेवतात. स्वतःसाठी म्हणून तिनं एक टोपी विणली, ती बाहुलीच्या मापाची झाली. त्यावरून घरात हसं झालं ते वेगळंच. परवा रडत म्हणाली, ‘मी करतो आणि आज्जी उसवते, मग मी कशाला करू?’ सासूबाईंचं म्हणणं, ‘चुकीचं शिकण्यापेक्षा न शिकलेलं बरं.’ त्यांना आता कमी दिसतं, बोटं आखडतात, त्यामुळं चिडचिडही वाढलीय.

मला यातलं काही येत नाही. लग्न होऊन आले तेव्हा शिकायची इच्छा होती, पण त्यांनी कधी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी कुणाची बाजू घेऊ? दिवाळीनंतर नणंदेच्या मुलीचं बाळंतपण आहे. बाळंतविड्यासाठी दोघींनी मिळून काही विणावं असं मला फार वाटतं. आणि लेक म्हणते, आज्जीच्या वस्तू ऑनलाइन विकूया. ते जमेल का?

— दोघींच्या मधली

*

दोघींच्या मधल्या बाईंना नमस्कार.

बाजू घ्यायचीच तर एका बाबतीत लेकीची घ्या आणि ठामपणे घ्या. ज्याचं विणकाम, उसवायचा हक्क त्याचा. आजी असो, शिक्षिका असो, सुईवरचे टाके दुसऱ्याचे असतील तर हात लावण्याआधी विचारायचं. रात्री पोर झोपल्यावर तर नाहीच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं शाळा, क्लास सांभाळून चार बोटं विणलेलं असतं. ते वाकडं असेल, पण सकाळी उठून तिला आपलं वाकडं शोधायचं असतं. तिथं सरळ विणलेल्या परक्या ओळी दिसल्या तर तिला त्यातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आपलं चालत नाही. कुठं चुकलं, का चुकलं, हे कळायला तर ती चूक जाग्यावर हवी ना!

हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. सुनेनं सांगितलं की त्याचा वेगळाच अर्थ होतो, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे सांगायचं काम त्यांच्या मुलाचं. आणि सांगताना ‘आई, तू असं का करतेस’ अशी सुरुवात नको. ‘आई, तिला उसवायला शिकव की’ एवढंच म्हणायचं. शिकवण्यासारखंच ते काम आहे, पुढं सांगते.

आता सासूबाईंची बाजू. त्या हट्टी असतील, पण त्यांना जे दिसतंय ते बहुतेक खरं आहे.

लोकर डाव्या हातात धरून विणायची पद्धत अगदी रीतसर आहे. जर्मनीत, नॉर्वे-डेन्मार्ककडं अशीच विणतात. पोर्तुगालमध्ये लोकर मानेमागून घेऊन विणणाऱ्या बायका आहेत. शेटलंड बेटांवर कमरेला भोकाभोकांचा चामडी पट्टा बांधतात आणि एका सुईचं टोक त्यात खुपसून भराभरा विणतात. सुलट टाका, म्हणजे इंग्रजी व्हीसारखा दिसणारा, या सगळ्यांचा सारखाच निघतो. कापड बघून कोणत्या हातात लोकर होती ते ओळखता येत नाही. आणि आपल्याकडची उजव्या हातात लोकर धरायची रीत तरी कुठून आली? दोन सुयांचं विणकाम आपल्याकडं रुजलं ते एकोणिसाव्या शतकात, मिशनरी बायकांच्या शाळांतून आणि साहेबांच्या घरांतून. म्हणजे सासूबाई ‘आपली’ म्हणतात ती मुळात मडमांची पद्धत. आपल्या भागाचं जुनं लोकरकाम म्हणाल तर ते घोंगडं. दख्खनी मेंढीची काळी भरड लोकर, धनगरणींनी कातलेलं सूत, सणगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ. त्या लोकरीचं टोपडं बाळाला घातलं तर बाळ घर डोक्यावर घेईल! (हे मडमांचं प्रकरण सासूबाईंपुढं काढू नका. खरं असलं तरी घरात शांतता राहणार नाही.)

तर मग त्यांना चुकलेलं काय दिसतं? माझा अंदाज सांगते, तुम्ही पडताळून बघा. डाव्या हातात लोकर धरून नव्यानं विणणाऱ्या बऱ्याच जणी उलट टाका (आडव्या गाठीसारखा दिसतो तो) घेताना लोकर सुईच्या वरून फिरवण्याऐवजी खालून ओढून घेतात. तसं करणं सोपं पडतं, म्हणून हाताला तीच सवय लागते. टाका पडतो, पण सुईवर तो पाठमोरा बसतो. पुढच्या ओळीत तो नेहमीसारखा सुलट विणला की त्याला पीळ पडतो. एक ओळ पिळाची, एक साधी, असं होत जातं आणि कापड घट्ट, किंचित तिरकं होतं. मोबाईलवरच्या बाईचं कापड गुळगुळीत आणि आपलं खरबरीत का, हे पोरीला कळत नाही. पन्नास-साठ वर्षं टाके बघितलेल्या नजरेला मात्र ते चष्म्याशिवायही खटकतं.

पडताळा सोपा आहे. लेकीचं विणकाम खिडकीपाशी घ्या आणि डाव्या सुईवरच्या टाक्यांकडं जवळून बघा. प्रत्येक टाका सुईवर टांग टाकून बसलेला असतो. एक पाय सुईच्या पुढच्या अंगाला, एक मागच्या. उजवीकडचा पाय पुढं असेल तर टाका बरोबर बसलाय. उजवीकडचा पाय मागं गेला असेल तर तो पाठमोरा आहे. उपाय दोन आहेत. एक तर उलट टाक्याच्या वेळी लोकर वरून घ्यायची सवय लावायची. नाहीतर पुढच्या ओळीत टाक्याच्या मागच्या पायातून सुई घालून विणायचं, म्हणजे पीळ पडत नाही. दोन्ही बरोबर. आणि दोन्हींत लोकर डाव्या हातातच राहते. आजीचं निदान खरं निघतं, नातीचा हातही बदलावा लागत नाही. घरातलं अर्धं भांडण इथंच मिटायला हरकत नाही.

उरलेलं अर्धं उसवण्याचं. एखादा टाका चुकला म्हणून ओळीच्या ओळी उसवायची गरजच नसते, आणि हे सासूबाईंना नक्की येत असणार. समजा सहा ओळींखाली सुलटच्या जागी एक उलट टाका पडलाय. सुलट बाजू आपल्याकडं करून विणत विणत त्या टाक्याच्या बरोबर वर यायचं. तेवढा एक टाका सुईवरून सोडून द्यायचा आणि हलक्या हातानं त्याच्या खालचे टाके सुटू द्यायचे, चुकलेल्या टाक्यापर्यंत. तिथं आडव्या धाग्यांची एक शिडी दिसते. मग क्रोशाची सुई समोरून त्या मोकळ्या फाशात घालायची, शिडीचा सगळ्यात खालचा धागा पकडायचा, फाशातून ओढून घ्यायचा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. सहा वेळा केलं की टाका परत सुईवर. आजूबाजूच्या टाक्यांना धक्काही लागत नाही. नवशिकीचं काळीज पहिल्यांदा टाका सोडताना लक्कन हलतं. एकदा जमलं की मात्र तिला चुकायची भीतीच उरत नाही. ही गोष्ट मोबाईलवर बघून समजते, पण शेजारी कुणी बसलेलं असेल तर लवकर जमते. टाका सोडताना ‘सोड, काही होत नाही’ असं म्हणणारं माणूस त्या व्हिडिओत नसतं.

जाळीच्या नमुन्यात हे चालत नाही, तिथं उसवावंच लागतं. त्यासाठी दर नमुना पुरा झाला की वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून घालून ठेवायचा. पुढं काही बिनसलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवेल, खाली जाणार नाही.

सासूबाई इतक्या कडक का, याबद्दल तुमच्याच पत्रात एक धागा आहे. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात देशभर बायका-मुली जवानांसाठी विणत होत्या. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या आसपास असतील, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाच्या. थंडीत उभ्या असलेल्या माणसासाठी विणताना शाळेतल्या बाईंनी सुटलेला टाका खपवून घेतला असेल असं मला वाटत नाही. एकदा त्यांना विचारा: शाळेत तुमचं विणकाम कुणी उसवलं होतं का? मी पैज लावून सांगते, नाव-गाव-वर्गासकट उत्तर येईल. हा प्रश्न लेकीनं विचारला तर अजून चांगलं.

आता त्या बाहुलीच्या टोपीचं. त्यात पोरीची चूक नाही, चूक नंबराची आहे. आपल्याकडं दुकानात सुया मिळतात त्या बऱ्याचदा जुन्या इंग्रजी नंबरांच्या. त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात. नंबर वाढला की सुई जाड, त्यांची १० नंबर ६ मिलिमीटरची. व्हिडिओतली बाई अमेरिकेतली असेल आणि तुमच्या लेकीनं महाद्वार रोडवरून १० नंबरच्या सुया आणि साधी बेबी वूल आणली असेल, तर टोपी बाहुलीचीच होणार. तिला सांगा, नंबर विसर, मिलिमीटर बघ. आणि कशाचेही टाके घालण्याआधी त्याच सुयांवर, त्याच लोकरीचा तळहाताएवढा तुकडा विणून १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोज. हा तुकडा विणायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. तरी विणायचा. आणि टोपीवर जे हसले त्यांनी तिच्यापुढं ही नंबरांची भानगड मोठ्यानं वाचावी, एवढी शिक्षा पुरे.

वहीबद्दल वाईट वाटलं. महापुरानं आपल्याकडं कुणाकुणाच्या घरातून काय काय नेलं, त्याची यादी कुठल्याच पंचनाम्यात आली नाही. पण ट्रंक वाचली आहे ना, मग नमुने वाचले आहेत. विणलेलं कापड वाचता येतं. जुना स्वेटर दिवसाउजेडी पांढऱ्या टॉवेलवर पसरा. सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. जाळीत भोक दिसतं तिथं लोकर पुढं घेतलेली असते आणि त्याच्या आसपास कुठंतरी दोन टाके एकत्र विणलेले असतात. तसे नसतील तर टाके वाढत गेले असते. चौकटीच्या वहीत एका चौकटीला एक टाका धरून लेकीनं मांडायचं आणि सासूबाईंनी सांगत जायचं. नमुना पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो ती जागा सापडली की काम झालं. मग तो विणून बघायचा, कारण कागदावर बरोबर दिसलेला नमुना सुईवर हमखास एखाद्या टाक्यानं चुकतो.

यात सासूबाईंना कमी दिसतं ही अडचण राहत नाही. डोळे नातीचे, माहिती आजीची. त्या बोटानं चाचपूनसुद्धा बरंच सांगतील. आणि जिथं अडेल तिथं त्यांच्या हातांचं शूटिंग घ्या, फक्त समोरून नको. त्यांच्या खांद्यामागून, वरून घ्या. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं होतं आणि शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी मनात आरसा फिरवावा लागतो. शिकवतानाही याच कारणासाठी दोघींनी समोरासमोर न बसता शेजारी शेजारी बसावं. एकच अपवाद, मुलगी डावखुरी असेल तर समोर बसलेलं बरं पडतं. पण विणकामात दोन्ही हात कामाला लागतात, त्यामुळं बऱ्याच डावखुऱ्या मुली सरळ नेहमीच्या रीतीनं विणतात.

डोळे आणि बोटं मात्र अंगावर काढू नका. मोतीबिंदू आहे का ते दाखवून घ्या. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली राहत असतील किंवा सांधे सुजत असतील तर डॉक्टरांकडं न्या, नुसतं तेल चोळत बसू नका. तोवर विणायला फिकट रंगाची लोकर द्या. काळ्या-निळ्या लोकरीवर तरुण डोळेसुद्धा टाके चुकतात. स्टीलच्या सुया थंडीत गार लागतात आणि टाके निसटतात, बांबूच्या सुया बोटांना बऱ्या वाटतात. मोठं काम असेल तर मधे दोरी असलेली गोल सुई घ्या. तिच्यावर विणकामाचं वजन मांडीवर उतरतं, मनगटावर येत नाही. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी हात मोकळे करायचे. हे नातीनं घड्याळ लावून आजीकडून करून घ्यावं. तिलाही कुणावर तरी डाफरायची संधी मिळू दे.

बाळंतविडा. तुमची कल्पना चांगली आहे, पण एकच वस्तू दोघींनी अर्धी अर्धी विणू नये. दोघींनी एकाच परातीत थापलेल्या भाकरीही एकसारख्या होत नाहीत, तसाच प्रत्येकीचा विणायचा हात वेगळा. सासूबाईंचा हात घट्ट असणार, जुन्या बायकांचा असतोच. पोरीचा सैल असेल. एक मोजा आजीनं आणि एक नातीनं विणला तर बाळाचे दोन पाय दोन मापांचे आहेत असं पाहुण्यांना वाटेल! तेव्हा वस्तू वाटून घ्या. टोपडं आणि मोजे सासूबाईंकडं, त्यात बारीक काम असतं आणि ते त्यांना डोळे मिटून येतं. लेकीकडं दुपटं. लहान लहान चौकोन विणून जोडायचे. प्रत्येक चौकोन दोन-तीन दिवसांत होतो, त्यामुळं कंटाळा येत नाही. पहिला चौकोन आणि शेवटचा चौकोन यांत फरक दिसेल, दिसू दे. चौकोन फारच मोठे व्हायला लागले तर तिला एक नंबर बारीक सुई द्या, सैल हाताला तेवढंच औषध. आजीनं दोन-चार चौकोन घातले तर ते काठाला लावा.

मापाचा अंदाज हवा असेल तर सांगते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर भरतं. विणकाम ताणतं, म्हणून टोपडं ३२ सेंटिमीटरचं धरायचं. १० नंबरच्या सुया आणि बारीक बेबी वूल असेल तर १० सेंटिमीटरांत सुमारे २८ टाके बसतात, म्हणजे ९० टाके घालायचे. तुमच्या घरचा हात घट्ट असेल तर तुकडा मोजून चार-सहा वाढवा. हातमोज्यांना जाळी नको, बाळाची बोटं अडकतात. टोपड्याला लांब रिबिनी, मणी, बटणं नकोत. मोज्याच्या आतल्या बाजूला मोकळे धागे राहू देऊ नका, तेही बोटाला गुंडाळले जातात.

लोकर कोणती, यावर सासूबाईंशी वाद घालू नका, पण एवढं लक्षात ठेवा की दुकानात ‘बेबी वूल’ म्हणून मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं. ते मऊ असतं, टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं. त्याचे तोटेही आहेत. घाम शोषत नाही आणि आगीजवळ पेट घेऊन वितळतं, त्यामुळं शेगडी-धुरी घेताना बाळाच्या अंगावर ते नको. आपल्याकडं थंडी ती किती? पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाताना आणि पन्हाळ्यावर गेलात तर. बाळ फेब्रुवारीनंतर ते टोपडं घालणारही नाही. म्हणून दुपट्याला सुती धागा घेतला तर ते पुढं उन्हाळ्यातही वापरता येईल. चौकोनांना सुती धागा नवशिक्या हातालाही बरा पडतो, टाके स्पष्ट दिसतात. फक्त तो ताणत नाही, त्यामुळं हात थोडे दुखतात.

तुमच्याविषयी एक बोलायचंय. चार ओळींत तुम्ही लिहून टाकलंत: ‘त्यांनी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.’ तुमचं लग्न झालं तोवर बाजारात लुधियानाचे तयार स्वेटर ढिगानं आले होते, हिवाळ्यात तिबेटी विक्रेते रस्त्याकडेला दुकानं लावून बसायचे. हातचं विणकाम त्या काळात घराघरांत मागं पडलं. नव्या सुनेला ‘ये, विणायला शिकवते’ म्हणणं सासूला जुनाट वाटलं असेल, आणि तुम्हाला वाटलं असेल की आपण त्यांच्या पसंतीला उतरत नाही. दोघीही गप्प राहिलात. आता नातीच्या निमित्तानं ते बाहेर येतंय. तुम्ही मधे आहात म्हणता, पण विणणाऱ्या दोघींच्या मधे न विणणारी तिसरी राहिली की ती पंचच होते, आणि पंचावर दोन्हीकडून राग निघतो. तेव्हा पंचगिरी सोडा आणि हात कामाला लावा.

कसं, ते सांगते. ट्रंकेत तुमच्या मिस्टरांचा शाळेतला एखादा स्वेटर असेलच, आता कुणालाच न बसणारा. सासूबाईंना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच, तो उसवायला काढा. आधी नमुना वहीत उतरवून घ्या. मग बाजूच्या शिवणी सोडवायच्या, कात्री जपून, शिवणीचा धागा तेवढाच कापायचा. स्वेटर खालून वर विणलेला असतो, म्हणून उसवायला वरून, गळ्या-खांद्याकडून सुरुवात करायची. खालून ओढत बसलात तर प्रत्येक टाक्याला अडेल. एकीनं उसवायचं आणि दुसरीनं हात पसरून समोर बसायचं. तिच्या दोन्ही हातांभोवती लोकर गुंडाळत जायची, म्हणजे लड तयार होते. हात धरून बसायला विणकाम यावं लागत नाही. हात तुमचे, उसवायचं सासूबाईंनी. त्यांना उसवायची एवढी हौस आहे तर ती इथं मनसोक्त भागू दे. लड चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात थोड्या शाम्पूनं धुवा, पिळू नका. खाली हलकंसं वजन अडकवून सावलीत टांगा. विणकामाच्या कुरळ्या वळ्या बऱ्याच निघून जातात. मग लेकीनं गुंडा करायचा. आपल्याकडं लोकर अशीच फिरायची. बापाचा स्वेटर झिजला की पोराचा व्हायचा, पोराचा झिजला की बाळाचे मोजे.

आणि हो, त्या लोकरीवर तुमचा पहिला सुलट टाका घाला. कुणी शिकवायचा? लेकीला म्हणा, तू शिकव. सासूबाई शेजारी असतीलच, त्यांना राहवणार नाही, तुमच्या हातातल्या सुया त्या धरतीलच. तुमचं विणकाम मात्र त्यांना खुशाल उसवू द्या, तुम्हाला काय, तुम्ही परीक्षेला बसलेल्या नाही.

लेकीची विक्रीची कल्पना. नाही म्हणू नका, पण आत्ता नको. हातचा बाळाचा स्वेटर विकायला काढला की लोक त्याची किंमत तयार स्वेटरशी लावतात. लोकरीचे पैसे निघतात, कधी वर थोडे सुटतात, तासांची मजुरी काढायला गेलात तर मन खट्टू होतं. शिवाय ऑर्डर घेतली की तारीख आली, आणि आखडणाऱ्या बोटांना तारीख परवडत नाही. आजीच्या वस्तू नातीनं विकायच्या यात मला आणखी एक खटकतं, की कष्ट एकीचे आणि खातं दुसरीच्या नावावर. लेकीला आपलं विणलेलं विकायचं असेल तर दहावीनंतर विकू दे. तोवर तिनं आजीच्या विणकामाचे नीट फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्या फोटोंचा उपयोग वहीला होईल, आणि उद्या कुणी मागणी केलीच तर दाखवायलाही होतील.

अभ्यासाची काळजी तुम्ही पत्रात केली नाहीत, म्हणून मीही करत नाही.

लोकर आणायला तिघी मिळून जा. गुंड्यांवरच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर, म्हणजे लोकर रंगवल्याच्या खेपेचा नंबर असतो, सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते बघून घ्या. दोन लॉटांचा पांढरासुद्धा दुकानाच्या दिव्याखाली सारखा आणि घरी उन्हात वेगळा दिसतो. आणि हिशेबापेक्षा एक गुंडा जास्त घ्या, पट्टी आणि पावती जपून ठेवा. न लागलेला गुंडा बरेच दुकानदार परत घेतात, घेण्याआधी विचारून ठेवा.